बैलाचा खूर कोणाच्या हिशेबात?



पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे हळद-लोणी लावून मळतो. दुसऱ्या दिवशी शिंगे तासतो, हिंगूळ लावतो, बेगड चिकटवतो, अंगावर झूल घालतो. ओवाळताना पायांवर पाणीही घालतो. पण त्याच पायाचा खूर उचलून, खालचा तळवा धुऊन, नख्यांच्या फटीत बोट घालून पाहणारा शेतकरी विरळा. वास्तविक शिंग आणि खूर एकाच पदार्थाचे आहेत. आपली नखे आणि केस ज्या कठीण प्रथिनाचे, त्याचेच. फरक एवढाच, की शिंग मोडले तरी बैल तिफण ओढतो; खूर दुखला तर मृगाचा पाऊस शेतावर आणि बैल गोठ्यात, अशी गत होते.

भाव, कर्ज आणि वीज हे नेहमीचे विषय बाजूला ठेवून या वेळी अग्रलेखाचे पान खुराला दिले आहे. हा विषय जनावरांच्या डॉक्टरांचा, संघटनेचा नव्हे, असे कोणी म्हणेल. आम्हाला तसे वाटत नाही. खूर कसा वाढतो हे समजले, की कोरडवाहू शेतीचा कोणता खर्च कोणाच्या वहीत लिहिला जातो आणि कोणता लिहिलाच जात नाही, तेही समजते.

आधी बैल किती चालतो ते पाहू. वखराची पास दीड फुटाची धरली तर एक एकर वखरताना बैल सुमारे 9 किलोमीटर चालतो. दहा एकरांत तीन पाळ्या घातल्या तर 270 किलोमीटर झाले. नांगरटीचा तास जेमतेम आठ इंची असतो, म्हणजे नांगरटीत एकरी 20 किलोमीटर. पेरणी, कोळपणी-डवरणी, शेणखताच्या गाड्या आणि बाजाराच्या खेपा याशिवाय. एवढी सगळी चाल एका जोडीच्या आठ पायांवर, म्हणजे सोळा नख्यांवर होते.

खूर वाढतो कसा

खूर वरून खाली वाढतो. जिथे पायाचे केस संपतात तिथे खुराच्या वर एक मऊ, किंचित फुगीर कडा असते. खुराची भिंत त्या कड्यात तयार होते आणि हळूहळू खाली सरकते. कडा जिवंत असतो, त्यात रक्त खेळते. खाली सरकलेली भिंत निर्जीव असते, तिला वेदना नाही. म्हणून तिच्यात खिळा मारता येतो आणि ती कापता येते. निर्जीव म्हणूनच ती बाहेरून लावलेल्या तेलाने वाढतही नाही. तेलाने ओल टिकते, तडा कमी जातो, इतकेच. खूर वाढवतो तो रक्तातून कड्यापर्यंत पोचलेला चारा.

गाय-बैलाची ही भिंत महिन्याला सुमारे 5 मिलिमीटर वाढते. खुराच्या पुढच्या टोकाशी तिची लांबी मोठ्या जनावरात साडेसात सेंटिमीटरच्या आसपास असते. म्हणजे केसांपाशी आज तयार झालेला खूर जमिनीला टेकायला सव्वा वर्ष लागते. टाचेकडची भिंत आखूड, ती लवकर बदलते. तळव्याची कातडीसारखी कठीण चकती दोन-तीन महिन्यांत नवी होते. दर महिन्याला जेवढे झिजते तेवढेच वाढले, तर खूर ठीक राहतो. डांबरी रस्त्यावर झीज जास्त, तळवा पातळ होतो. दावणीला बांधून ठेवलेल्या जनावराची झीज कमी, नख्या लांबतात, वर वळतात, भार टाचेवर जातो आणि सांधे दुखू लागतात.

घोड्याचा खूर बैलापेक्षा वेगाने, महिन्याला साधारण 8 ते 10 मिलिमीटर वाढतो, आणि टोकाशी सुमारे वर्षभरात नवा होतो. घोड्याला एका पायाला एकच खूर. आतले हाड खुराच्या भिंतीला सुमारे 600 पातळ पाकळ्यांनी जोडलेले असते, आणि प्रत्येक पाकळीवर शंभराहून अधिक बारीक उपपाकळ्या असतात. जनावराचा सगळा भार या पाकळ्यांवर टांगलेला असतो. बैलाचा खूर दुभंगलेला, प्रत्येक नखीत वेगळे हाड. पाकळ्या आहेत, पण उपपाकळ्या नाहीत. त्यामुळे बराचसा भार हाडाखालच्या चरबीच्या गादीवर आणि तळव्यावर येतो. घोड्याच्या पाकळ्या सुजल्या की हाड फिरते. बैलाचे हाड खाली दबते आणि तळव्याला आतून जखम करते. बाहेरून काही दिसत नाही, बैल मात्र पाय टेकत नाही. आपण काटा शोधत बसतो.

माळेगावच्या किंवा सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा जाणता गिऱ्हाईक पाय उचलून पाहिल्याशिवाय सौदा करत नाही. बैलबाजारात आपण दात मोजतो, शिंगांचा डौल पाहतो, चालवून पाहतो. तळवा पाहत नाही. पुढच्या सव्वा वर्षाची चाल त्या तळव्यावर असते.

खुरावरची खतावणी

बैलावर गेल्या वर्षी काय गुदरले, ते त्याच्या खुरावर लिहिलेले असते. अंगात ताप भरला, चारा तुटला किंवा पोट बिघडले, की कड्याला मिळणारे रक्त घटते आणि त्या दिवसांत तयार होणारी भिंत पातळ पडते. त्याची आडवी खाच उमटते आणि खुराबरोबर खाली सरकत राहते. संक्रांतीला केसांपासून अडीच सेंटिमीटरवर खाच दिसली, तर हिशेब सोपा: महिन्याला अर्धा सेंटिमीटर, म्हणजे पाच महिन्यांपूर्वीचा प्रकार, ऑगस्टच्या मध्याचा. चारही पायांवर सारख्याच उंचीवर खाच असेल तर दुखणे सगळ्या अंगाचे होते. एकाच नखीवर असेल तर मार त्या पायाचा. ज्याने बैल विकला त्याने सांगितले नाही तरी खूर सांगतो.

आपल्या भागात या खाचांची दोन मोठी कारणे. पहिले म्हणजे उन्हाळ्यातली वैरणटंचाई. दुसरे, ऐकायला उलटे वाटेल, ते म्हणजे धान्य. खळ्यावर ज्वारीची रास पडलेली असते, रात्री बैल दावे तोडतो आणि पोटभर ज्वारी खातो. सकाळी पोट फुगते, जनावर सुस्त होते, पातळ हगते. एकदम इतके पिठूळ धान्य पोटात गेले की ते आंबते, पोटात आम्ल साठते, चाऱ्यावर जगणारे उपयोगी जिवाणू मरतात. हे विष रक्तातून खुरापर्यंत पोचते आणि आतल्या पाकळ्या सुजतात. पोट दोन दिवसांत बरे झाले असे आपल्याला वाटते, खुराचे दुखणे त्यानंतर सुरू होते. घोड्यातही हेच घडते, आणखी जोराने. म्हणून रास खाल्लेल्या बैलाचे धान्य ताबडतोब तोडावे, पुढे कोरडा कडबा टाकावा आणि दुपारची वाट न बघता डॉक्टरांना बोलवावे. खाण्याच्या सोड्याचे प्रमाण त्यांना विचारून द्यावे. पेरणीच्या तोंडावर ताकद यावी म्हणून एकदम पायलीभर भरडा घालणेही याच जातीचे. खुराक वाढवायचा तर आठ-दहा दिवसांत थोडा थोडा वाढवावा.

खूर वैरणीतून येतो

खुराचे प्रथिन घट्ट व्हायला गंधक असलेली द्रव्ये लागतात, जस्त लागते, बायोटिन नावाचे जीवनसत्त्व लागते. बैलाच्या पोटातले जिवाणू यातले बरेच स्वतः तयार करतात, पण त्यांनाही प्रथिन लागते. नुसत्या कडब्यात ते जेमतेम 3 ते 5 टक्के असते. सरकीच्या पेंडीत 20 टक्क्यांच्या पुढे. तुरीचे आणि हरभऱ्याचे भूसही कडब्यापेक्षा बरे. आपल्या काळ्या जमिनींत जस्त कमी पडते, आणि जमिनीत नाही ते कडब्यात येणार कुठून? रोज 30 ते 50 ग्रॅम क्षारमिश्रण दिले तर ही तूट भरते. मात्र फळ दिसायला महिने लागतात, कारण नवा खूर वरून खाली यायचा असतो. पेरणीला चांगला खूर हवा असेल तर त्याची पेंड गेल्या दिवाळीपासून द्यायला हवी होती.

आता या पेंडीचा प्रवास बघा. कापूस आपण पिकवतो. व्यापारी तो सरकीसकट तोलून घेतो. जिनात रुई वेगळी, सरकी वेगळी. सरकीचे तेल निघते, उरलेली पेंड पोत्यात भरून आपल्याच गावच्या दुकानात येते, आणि आपल्याच बैलासाठी आपण ती दुकानदाराने सांगितलेल्या भावाने उचलतो. कापसाचा भाव पडला की घरातली पहिली काटछाट या पोत्यावर होते. तेव्हा बैल काही बोलत नाही. सव्वा वर्ष त्याच्या खुरावर ती खाच खाली सरकत राहते. शेतमालाच्या पडलेल्या भावाची नोंद बाजार समितीच्या पावतीवर नसेल, पण आपल्या बैलाच्या खुरावर असते.

चिखल, काटा आणि साथ

पावसाळ्यात खूर पाणी पितो आणि मऊ होतो. ज्वारीची धसकटे, पऱ्हाटीचे खुंट, बाभळीचा काटा मऊ तळव्यात सहज शिरतात. नख्यांच्या फटीत चिखल बसतो, कातडी फुटते, आणि हवा नसलेल्या जागी वाढणारे जिवाणू आत जाऊन खूर सडवतात. लक्षणे ओळखावीत: बहुधा एकच पाय, अचानक लंगडणे, फटीत सूज आणि घाण वास. पहिल्या एक-दोन दिवसांत औषध मिळाले तर जनावर लवकर उभे राहते. आठवडा गेला तर जंतू सांध्यात उतरतात आणि बैल कायमचा जातो.

लाळ्या खुरकूत हा वेगळा रोग. तो विषाणूचा. जनावरांचा रोग विषाणूने होतो हे पहिल्यांदा कळले ते याच रोगात, 1898 साली जर्मनीत लोफलर आणि फ्रॉश यांच्या प्रयोगांतून. यात ताप येतो, तोंडात फोड येऊन लाळ गळते, खुरांच्या फटीत फोड येतात, आणि एकाच वेळी गोठ्यातली अनेक जनावरे पडतात. मोठे जनावर सहसा मरत नाही, म्हणून हा रोग फार मनावर घेतला जात नाही. पण बिघडले तर खुराचे आख्खे टोपण सुटून येते. तो बैल त्या हंगामात औताला जुंपता येत नाही, आणि पुष्कळदा पुढच्याही नाही. विषाणूवर औषध नाही. फटीतल्या जखमा पोटॅशच्या सौम्य पाण्याने धुणे, माशा बसू न देणे, जनावर कोरड्या जागी वेगळे बांधणे आणि बाजारात न नेणे, एवढेच आपल्या हाती. खरा उपाय लस, आणि तिचा जोर सुमारे सहा महिने टिकतो. म्हणून वर्षातून दोनदा. केंद्र सरकारने सप्टेंबर 2019 मध्ये मथुरेला याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, पाच वर्षांसाठी 13,343 कोटी रुपये मांडले. लस फुकट आहे. ती पावसाआधी गावात येते की पाऊस पडून साथ पसरल्यावर, हा आपण विचारायचा प्रश्न आहे. ऊसतोडीला बैलगाड्या घेऊन जाणाऱ्यांनी तर टोचून घेतल्याशिवाय गाव सोडू नये. कारखान्याच्या तळावर दहा गावांची जनावरे एका हौदावर पाणी पितात.

नाल आणि नालबंद

डांबरी रस्त्यावर चालणाऱ्या बैलाला पत्री मारावीच लागते. घोड्याला नाल मारताना तो तीन पायांवर उभा राहतो. बैल तसा उभा राहत नाही, त्याला दोर घालून पाडावे लागते. पाडताना जमीन मऊ हवी, नाहीतर बरगडी किंवा शिंग जायचे. खूर दुभंगलेला, म्हणून पत्र्याही प्रत्येक नखीला वेगळ्या. भिंत घोड्यापेक्षा पातळ, म्हणून खिळा भिंतीच्या बाहेरच्या अंगाला, तिरपा आणि बाहेर निघणारा असावा. तो थोडा आत गेला की जिवंत मांसात शिरतो आणि आठवड्याने पू होतो. पत्री मारल्यावर दोन-तीन दिवसांत बैल लंगडला तर खिळा काढून घ्यावा. पत्रीखाली खूर वाढतच असतो, म्हणून झिजली नसली तरी दोन महिन्यांनी काढून खूर तासून पुन्हा बसवावी.

हे कसब जाणणारे हात कमी होत आहेत. 2012 आणि 2019 च्या पशुगणनांच्या दरम्यान देशातले घोडे जवळजवळ निम्म्यावर आले, आणि नर गोवंश सुमारे 30 टक्क्यांनी घटला. जनावरे घटली की नालबंदाचे पोट भरत नाही, तो कसब सोडतो. मग ज्याच्याकडे अजून बैल आहेत त्याला विळ्याने खूर तासणारा भेटतो. ट्रॅक्टर आहे ना, असे सांगितले जाते. दोन-चार एकरांच्या तुकड्यात, उभ्या कपाशीत, वाफसा येताच दुसऱ्या दिवशी डवरा घालायला बैलच लागतो, हे सांगणाऱ्याने कधी पाहिलेले नसते.

आता हिशेब

हमीभाव ठरवण्यासाठी उत्पादन खर्च काढताना घरच्या बैलाच्या श्रमाचीही किंमत धरली जाते. ती काढायची रीत अशी: वैरण, पेंड, जनावराची आणि गोठ्याची घसारा-रक्कम, निगा राखण्याची मजुरी आणि इतर खर्च, असा सांभाळण्याचा खर्च काढायचा आणि कामाच्या तासांवर वाटायचा. कागदावर रीत बरी दिसते. पण बैल ऐन पेरणीत आठ दिवस लंगडला, तर शेतकरी भाड्याची जोडी आणतो, तीही सगळ्या गावाची पेरणी एकदम असताना मागेल त्या दराने. किंवा भाडे नसेल तर आठ दिवस थांबतो आणि ओल उडालेल्या जमिनीत पेरतो. भाड्याची नोंद एखाद्या वहीत सापडेल. उशिरा पेरलेल्या कपाशीत बुडालेले क्विंटल कोणत्या रकान्यात लिहिणार? तो तोटा सरासरीत विरघळतो, आणि सरासरीवर भाव ठरतो.

घसाऱ्याचेही तसेच. घसारा म्हणजे घेतल्याची किंमत वजा शेवटी विकून येणारी किंमत, वर्षांवर वाटलेली. महाराष्ट्रात 1976 च्या कायद्याने गायीची कत्तल बंद केली होती. काम न होणारा बैल दाखला घेऊन विकता येत होता. 4 मार्च 2015 पासून बैलालाही बंदी लागू झाली, आणि मे 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी कायम ठेवली. कायदा करणाऱ्यांनी आपले समाधान करून घेतले, बिल मात्र गोठ्यावर फाडले. खूर गेलेल्या बैलाला आज गिऱ्हाईक नाही. त्याची विक्री-किंमत शून्य झाली, आणि त्याला मरेपर्यंत घालायची वैरण हा नवा खर्च वाढला. ज्यांना बैल पूज्य वाटतो त्यांच्याशी आमचा वाद नाही. आम्हालाही वाटतो, आम्ही त्याच्या पायांवर पाणी घालतो. पूजेचा खर्च मात्र एकट्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या खिशातून का, एवढाच आमचा सवाल आहे.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे चार मागण्या ठेवत आहोत. एक: उत्पादन खर्चात पत्री, खुराचे औषध आणि बैल बसल्यावर आणलेल्या भाड्याच्या जोडीचा खर्च स्वतंत्र रकान्यात धरावा. दोन: बैलाचा घसारा शेवटची किंमत शून्य धरून काढावा, नाहीतर शेतकऱ्याला आपले जनावर विकण्याचे स्वातंत्र्य परत द्यावे. तीन: लाळ्या खुरकूतची लस मृगाच्या आत आणि ऊसतोडीला निघण्याच्या आत गावात पोचावी, आणि तारीख आधी जाहीर व्हावी. चार: तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात खूर तासण्याची हत्यारे असावीत आणि गावच्या पोरांना ते काम शिकवावे. त्याचे दाम आम्ही देऊ, फुकट नको.

सरकार यातले काय करील ते करील. आपल्या हातातले काम आजपासून सुरू करता येते. दर अमावास्येला, नाहीतरी त्या दिवशी औत बंद असते, प्रत्येक खूर उचलून धुवा. फटीत बोट घाला. तळवा अंगठ्याने दाबा. दबला तर तो फार पातळ झाला आहे, त्या बैलाला रस्त्यावर नेऊ नका. बैल चालताना पुढचा दुखरा पाय टेकतेवेळी मान वर झटकतो, त्यावरून पाय ओळखा. गोठ्यात मुरूम टाकून जागा कोरडी ठेवा. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा खूर धुऊन मोरचुदाच्या पाण्यात बुडवा: 20 लिटर पाण्याला 1 किलो. ते पाणी विषारी आहे, जनावराला आणि विशेषतः मेंढराला पिऊ देऊ नका, विहिरीच्या बाजूला ओतू नका. अकोले-इगतपुरीकडच्या डांगी बैलाचा खूर गारगोटीसारखा कठीण असतो, कारण पिढ्यान्‌पिढ्या पावसात टिकला तोच बैल त्या लोकांनी पुढे चालवला. वळू निवडताना आपणही शिंगाबरोबर खूर पाहायला शिकले पाहिजे.

आणि एक वही घाला. बैल कोणत्या तारखेला बसला, कशाने बसला, किती दिवस बसला, भाड्याची जोडी किती रुपयांनी आणली, पेरणी किती दिवस लांबली. गावात दहा घरांनी जरी ही वही एक वर्ष ठेवली, तरी जिल्ह्याच्या बैठकीत आपण भाषणाऐवजी आकडे मांडू. खर्चाचा हिशेब आपण मांडला नाही तर दुसरा कोणी तरी मांडतो, आणि तो नेहमी कमीच मांडतो. पुढच्या बैठकीला येताना वही बरोबर आणा.